पायगाडी शिकवणारे लक्ष्मणराव

यंदाच्या स्मरणिकेसाठी कोणा थोर व्यक्तीचे चरित्र मी लिहावे असे कार्यकारिणीत ठरले, तेव्हा बहुतेक भगिनींची अपेक्षा अशी होती की मी एखाद्या संत स्त्रीविषयी किंवा समाजसेविकेविषयी लिहीन. मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव सांगताच एकदोघींनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. कारखानदाराचे चरित्र महिला मंडळाला कशाला, असा त्यांचा प्रश्न दिसला. परंतु मला पंपांच्या आणि इंजिनांच्या लक्ष्मणरावांविषयी लिहायचे नसून लोकांना सायकल विकणाऱ्या आणि ती चालवायला शिकवणाऱ्या लक्ष्मणरावांविषयी लिहायचे आहे. त्यात माझा थोडा स्वार्थही आहे. तो शेवटी सांगेन.

निमित्त घडले ते गेल्या माघातल्या आमच्या प्रवासाचे. मंडळातल्या आम्ही सहाजणी साताऱ्याहून सांगलीला सायकलीने आलो. हमरस्ता टाळून रहिमतपूर, औंध, पुसेसावळी, कडेगाव, देवराष्ट्रे, कुंडल असा रस्ता धरला. तीन दिवस लागले. मोटारीने हाच पल्ला सकाळी निघून दुपारच्या जेवणाआधी सहज होतो. पण मोटारीतून जाणाऱ्याला चढ कळत नाही, वारा कुठून येतो ते कळत नाही, आणि औंध व कुंडल यांच्यामध्ये किती माळ पडला आहे हे तर मुळीच कळत नाही. सायकलीवर ते गुडघ्यांना कळते. औंधाहून निघून आम्ही दिवसभर पायडल मारले, उसाच्या ट्रॉल्यांना वाट देत देत सागरेश्वराच्या डोंगराजवळून कुंडलच्या बाजूला उतरलो, आणि किर्लोस्करवाडीच्या स्टेशनाशी येऊन टेकलो. त्या वेळी माझ्या मनात आले की ज्या माणसाच्या नावाने हे गाव ओळखले जाते, त्याचा धंदाही एका सायकलीपासूनच सुरू झाला होता.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे पंडित. मुलांनीही तीच वाट धरावी ही त्यांची स्वाभाविक इच्छा. लक्ष्मणरावांचे मन मात्र दोनच गोष्टींत रमे. एक चित्रे काढणे आणि दुसरे यंत्रे उघडून पाहणे. थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले, त्यांनी पैशाची सोय केली, आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोन वर्षांत असे निष्पन्न झाले की त्यांच्या डोळ्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाच्या वाट्याला याहून क्रूर गोष्ट ती कोणती यावी! परंतु रेघ त्यांच्या हातात पक्की होती, आणि यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. त्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक चित्रकला शिकवण्याची नोकरी मिळाली.

मुंबईतच त्यांनी प्रथम कोणाला तरी पायगाडीवरून जाताना पाहिले. आपल्या आजोबांच्या पिढीत सायकलीला पायगाडी म्हणत. मला तो शब्द अजून आवडतो, कारण त्यात सायकलीचे सगळे रहस्य आहे. त्या काळापर्यंत विलायतेत जी सायकल होती तिचे पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे आणि मागचे ताटाएवढे. तिच्यावर चढणे म्हणजे अर्धी सर्कसच, आणि तोंडावर आपटण्याची भीती कायम. १८८५ साली जॉन केंप स्टार्ली याने इंग्लंडात दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आज आपण जी चालवतो ती या दोन कल्पनांचीच लेक. आणि त्याच १८८८ साली रामुअण्णा व लक्ष्मणराव या भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून माल पाठवायचा आणि रामुअण्णांनी तो तिकडे विकायचा, अशी वाटणी. किर्लोस्कर बंधू ही पाटी प्रथम लागली ती या दुकानावर. ज्या रस्त्यावर ते दुकान होते, तो रस्ता पुढे किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्या वेळी एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत आणि ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे, असे सांगतात. या आकड्यांवर घटकाभर थांबण्यासारखे आहे. साध्या शाळामास्तराने वर्षभर पोटाला चिमटा घेतला तरी त्याला ती सायकल घेता आली नसती. तेव्हा ती वस्तू साहेबांची, वकिलांची, बड्या लोकांची. आपण म्हणतो ती गरिबाची गाडी नव्हेच. पण मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते शिकवणीचे पंधरा रुपये. नुसते यंत्र विकून गिऱ्हाईकाला रस्त्यावर सोडून देणारा दुकानदार हा नव्हता. ज्याला चालवता येत नाही, त्याच्या घरात ती हजार रुपयांची वस्तू भिंतीला टेकून गंजणार, हे त्याने ओळखले होते.

सायकल शिकवणे ही काय चीज आहे, हे ज्यांनी कोणाला शिकवली आहे त्यांनाच ठाऊक. शिकणारा पुढे बघत नाही, तो चाकाकडे बघतो. आपण मागून बैठक धरून धावायचे, दम लागला तरी धावायचे, आणि त्याला न सांगता एका क्षणी हात काढून घ्यायचा. लवकर काढला तर तो पडतो, उशिरा काढला तर त्याला आपली सवय लागते. लक्ष्मणरावांनी आयुष्यभर जे उद्योग केले, त्यांत हा हात काढून घेण्याचा क्षण मला पुन्हा पुन्हा दिसतो.

नोकरीत पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना न मिळता दुसऱ्याच्या पदरात पडली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि शतक संपण्यापूर्वीच ते बेळगावला परतले. सायकलींबरोबर दुरुस्ती आलीच. सुटा भाग मागवायचा तर तो बोटीने येणार. त्यापेक्षा आपणच घडवलेला बरा. अशा गरजेतूनच दुकानाचा कारखाना होत गेला असावा, अशी माझी समजूत आहे. सायकली, पवनचक्क्या असे करता करता त्यांची नजर शेतकऱ्याकडे वळली. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले. मग लोखंडी नांगर.

नांगराची हकीगत अनेकींना ठाऊक असेल. लोखंड जमिनीत गेले की जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! आपल्यापैकी कोणी पापडाचा उद्योग काढला आणि दोन महिने पापड खपले नाहीत, तर घरातले लोक काय बोलतील ते आठवा. पण सायकलीच्या दुकानात जो धडा मिळाला होता, तोच येथे उपयोगी पडला. जे यंत्र माणसाने कधी पाहिले नाही, ते त्याच्या हातात देऊन, त्याच्या जमिनीत चालवून दाखवावे लागते.

या कामी त्यांना साताऱ्याकडचा एक तरुण पुढे लाभला. भाऊराव पाटील, आपले कर्मवीर, काही वर्षे किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते. नांगर घेऊन ते खेडोपाडी हिंडले आणि हिंडता हिंडता त्यांनी कुणब्याच्या घरातले दारिद्र्य आणि अज्ञान जवळून पाहिले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. एका माणसाचा नांगर विकायला गेलेला दुसरा माणूस शाळा काढून बसला, असे आमच्या या दोन जिल्ह्यांतच घडावे! भाऊरावांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले, हे आपण दरवर्षी आठवतो आणि आठवावेच. राधाबाई किर्लोस्करांचे नाव मात्र आपल्या तोंडी सहसा येत नाही. त्यांच्याकडे मी आता वळते.

१९१० साली बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी जागा हवी झाली आणि किर्लोस्करांना कारखाना हलवण्याचा हुकूम मिळाला. वीस-बावीस वर्षांची घडी मोडली. लक्ष्मणरावांचे त्या सुमारास औंधाला एका बांधकामाचे काम चालू होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, तेच सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि हौशी चित्रकार, यांना ही अडचण कळली. त्यांनी कुंडलजवळच्या आपल्या मुलखात बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. शेजारून दक्षिणेकडे जाणारी आगगाडी होती आणि कुंडल रोड नावाचे लहानसे स्टेशन होते. त्याखेरीज त्या माळावर काही नव्हते. काही नव्हते म्हणजे निवडुंग होते आणि त्या निवडुंगात नाग होते.

पुरुषांच्या चरित्रात हा प्रसंग नेहमी दोन ओळींत येतो. निवडुंग तोडला, नाग मारले, कारखाना उभा राहिला. आपण बायका आहोत, आपण जरा वेगळ्या तऱ्हेने विचार करू. राधाबाईंचा मुलगा शंतनू तेव्हा सात वर्षांचा होता. बेळगावातले नांदते घर, शेजार, बाजार, ओळखीचा वैद्य, हे सारे सोडून त्या या माळावर आल्या. त्यांच्याबरोबर कारखान्यातल्या पंचवीसेक कामगारांची बिऱ्हाडे. कपाशीच्या रानातही बाई पाय बघून टाकते. येथे तर चुलीशेजारी सरपण उचलायलाही हात दचकत असणार. पाणी कुठून आणायचे, पोराला फणफणून ताप आला तर कोणाकडे न्यायचे, शेणगोळा कोणाच्या गोठ्यातून आणायचा, हे प्रश्न त्या माळावर आधी बायकांपुढे उभे राहिले असतील, ओतशाळेच्या भट्टीचा प्रश्न त्यानंतरचा. गाव वसते ते भट्टी पेटल्याने की चुली पेटल्याने, याचा निर्णय मी वाचक भगिनींवर सोपवते.

गाव वसले हे खरे. लक्ष्मणरावांनी माणसे निवडली तीही निराळ्या दृष्टीने. शंभुराव जांभेकरांसारखे सहकारी त्यांच्याजवळ कामातच तयार झाले. ज्यांच्या नावावर दरोड्यांचे गुन्हे होते अशा माणसांना त्यांनी राखणीला ठेवले आणि ती माणसे विश्वासाला उतरली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा त्यांचा दंडक होता. १९१० च्या सुमारास एखाद्या वसाहतीच्या मालकाने असा दंडक घालणे आणि तो पाळून घेणे, ही नांगर विकण्याहून अवघड गोष्ट होती.

पुढला इतिहास मी भरभर सांगते, कारण तो इतरत्र पुष्कळ छापून आला आहे. पहिल्या महायुद्धात विलायती लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी चालवून कारखाना तगवला. १९२० साली कंपनी रीतसर नोंदली गेली. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, १९२६ साली पंप. शंतनुराव अमेरिकेत शिकून परत आले आणि त्यांनी धंदा पुणे, हरिहर, बंगळूरपर्यंत नेला. पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले आणि १९३० मध्ये 'स्त्री'. हे 'स्त्री' मासिक त्या निवडुंगाच्या माळावरून निघत असे, हे आजच्या मुलींना सांगितले तर खरे वाटत नाही. माझ्या आजीच्या ट्रंकेत त्याचे अंक जपून ठेवलेले होते, वरून धार्मिक पोथीचे वेष्टन घालून. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली जिल्हा हे नाव मिळाले, आणि किर्लोस्करवाडी आपल्याकडे आली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, त्यांच्या नावाचे टपालाचे तिकीट निघाले. कुंडल रोड स्टेशन तर कधीच किर्लोस्करवाडी झाले होते.

आता माझ्या स्वार्थाविषयी.

बेळगावच्या त्या दुकानात पंधरा रुपये देऊन शिकायला येणारे सारे पुरुषच असणार. नऊवारी नेसलेल्या बाईला सायकलीच्या दांडीवरून पाय टाकता येत नाही हे तर झालेच, पण दांडी नसती तरी तिला कोणी बसू दिले नसते. मी त्यासाठी लक्ष्मणरावांना दोष देत नाही. परंतु त्याच शतकाच्या अखेरीस फॅनी बुलक वर्कमन नावाची चाळिशीला आलेली एक अमेरिकन बाई नवऱ्याबरोबर सायकलीवरून हिंदुस्थानभर हिंडत होती, आणि त्या प्रवासाचे त्यांचे पुस्तक १९०४ साली निघाले. देश हाच, रस्ते हेच, ऊनही हेच. म्हणजे अडचण रस्त्याची नव्हती.

माझी आई साताऱ्याची. तिच्या भावाला सायकल घेतली होती. रात्री निजानीज झाल्यावर ती सायकल बोळात काढून दांडीखालून पाय घालून कैची मारायला ती शिकली. चौथ्या की पाचव्या रात्री घंटी वाजली, घरातल्या एका वडीलधाऱ्याला जाग आली, आणि दुसऱ्या दिवशी सायकलीला साखळी-कुलूप बसले. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. मी दहा वर्षांची असताना तिने मला राजवाड्यासमोरच्या मैदानावर शिकवले. स्वतः लुगड्याचा ओचा खोचून ती कॅरिअर धरून मागे धावायची. हात कधी काढला ते मला कळले नाही. मी मैदानाच्या टोकाला जाऊन वळून पाहिले तेव्हा ती लांब उभी होती आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. ती स्वतः मात्र पुन्हा कधी सायकलीवर बसली नाही. मी चालवायला दिली तर हसायची आणि आता वय झाले म्हणायची. तेव्हा तिचे वय बत्तीस होते.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या वर्षांत साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची चळवळ झाली आणि लाखाच्या घरात बायका शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या सेविका. त्यांना कोणी सहल काढायला शिकवले नव्हते. पाणी आणायला, पोराला शाळेत सोडायला, बसची वाट न पाहता बाजार गाठायला त्या शिकल्या. आपल्याकडे मुलींना शाळेला जायला सरकारी सायकली मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांच्या आयांचे काय? आमच्या माघातल्या प्रवासात वाटेवरच्या एका वस्तीवर आम्ही पाण्यासाठी थांबलो. ज्या घरी थांबलो तिथे ओट्यावर मुलीची नवी सायकल उभी होती आणि तिची आई कडेवर पोर आणि डोक्यावर दळण घेऊन पायी गिरणीला निघाली होती. सायकल येते का म्हणून मी विचारले तर तिने तोंडाला पदर लावला.

प्रवासातल्या आम्हा सहाजणींतल्या एकीची साखळी पलूसजवळ उतरली. पंक्चरचे दुकान मागे राहिले होते. आमच्यातली सर्वांत धाकटी सून, जिने निघण्यापूर्वी आठच दिवस सायकल शिकून घेतली होती, तिने चाक उचलून, पायडल उलटे फिरवून ती चढवली, आणि काळे हात गवताला पुसून पुढे निघाली. मी पाहत राहिले.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. मंडळाने या वर्षी प्रौढ भगिनींसाठी सायकल शिकवण्याचा वर्ग काढावा. दर रविवारी सकाळी सहा ते आठ. मैदानाची परवानगी मागितली आहे. दांडी नसलेल्या दोन जुन्या सायकली मी आणि आमच्या खजिनदारबाई देत आहोत. त्यांना नवे टायर बसवून झाले आहेत. फी घ्यायची नाही. मागून धरून धावायला मात्र माणसे लागतील, आणि पाटा-वरवंटा उचलणाऱ्या हातांना ते जड जाऊ नये. वयाची अट नाही. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. पहिल्या रविवारी साडी नेसून येणाऱ्यांनी पदर खोचण्यासाठी दोन पिना बरोबर आणाव्यात. चाकात अडकतो तो आधी पदरच.